लेपाची कृती नोंदवहीत द्यावी का?

आपल्या आत्या देवगडकडे मोडलेल्या हाडावर लेप देतात आणि जैवविविधता नोंदवहीसाठी (गावातले जीव, वनस्पती आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान टिपणाऱ्या वहीसाठी) आलेल्या माणसाला त्यांनी कृती सांगावी की नाही, असे आपण विचारले आहे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरीही हाच पेच पडला होता, म्हणून लिहीत आहे. मी वकील नाही; शेवटचा सल्ला जाणकाराचाच घ्यावा.

नोंदवहीत नाव लागले की कृतीचा सातबारा आपल्या नावे झाला, हा समज आधी सोडावा. ती नोंद मालकी देत नाही, ज्ञान आधीपासून होते एवढा पुरावा देते. पुराव्याचे मोल मात्र मोठे आहे. जखमेवरील हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते घरोघरी हळद लावतात म्हणून नव्हे, तर आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने छापील आधार मांडले म्हणून. परदेशातला तोंडी वापर तिथल्या तेव्हाच्या कायद्याला पुरत नसे. केंद्र सरकारचा पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रहही मुख्यतः जुन्या ग्रंथांवरच उभा आहे, त्यामुळे केवळ तोंडी चालत आलेल्या लेपाला त्याचा आधार मिळणे कठीण.

आम्हांला सर्वांत महाग पडला तो नोंदवहीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाचा कारभार. नोंदवही पुरी करण्याची मुदत संपत आली म्हणून काम बाहेरच्या माणसांकडे गेले. त्यांनी आईकडून वनस्पती, प्रमाण, पाला खुडण्याची वेळ असे सगळे उतरवून घेतले, संमतीचे नावही काढले नाही, आणि हाती आलेल्या प्रतीत कृती जशीच्या तशी होती, सांगणारीचे नाव तेवढे नव्हते. शिवाय आमच्या सड्यावर कधी न उगवलेली झाडे आमच्या गावची म्हणून लिहिली होती, म्हणजे शेजारच्या नोंदवहीतून उचलली असावीत. दुरुस्ती मागितली तेव्हा अहवाल वर गेल्याचे तोंडी सांगण्यात आले. लेखी नकारही मिळाला नाही, मग दाद मागायची कशाच्या आधारावर?

सांगणाऱ्याचे नाव गळणे क्षुल्लक नाही. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून, म्हणजे फायद्याचा वाटा स्थानिकांना देण्यातून, सूट मिळाली आहे, तेव्हा उद्या कुणी कंपनी ‘हे ग्रंथातलेच आहे’ म्हणाली, तर वेगळेपण दाखवायला तुमच्या हाती काय राहील? माझ्या मते आत्यांनी वनस्पती आणि उपयोग सांगावेत, प्रमाण व कृती गोपनीय असल्याचे लेखी द्यावे आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून पोच घ्यावी. पुरावा थोडा दुबळा होईल, हे मान्य आहे.

नमुन्यासाठी झाडाचे मूळ मागितले, तर फांदी आणि छायाचित्रावर भागवावे. कर्करोगावरील औषधांना लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यासाठी सह्याद्रीतला नरक्या हा वृक्ष किती तोडला गेला, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे.