शाळेचा पट नको, तुकडीचा पट बघा

प्रश्न : बीड जिल्ह्यातून आम्ही वाळूजच्या बजाजनगरात राहायला आलोय. मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल. सगळ्या जातीधर्मांची मुलं असलेली शाळा हवी आहे, पण ते ओळखायचं कसं? मुख्याध्यापक सगळीकडे "आमच्याकडे सगळे सारखेच" एवढंच सांगतात. – एक पालक

उत्तर : मुख्याध्यापक खोटं बोलत नाहीत, पण त्या उत्तराचा तुम्हाला उपयोग नाही. सुरुवात आकड्यांपासून करा. प्रत्येक शाळेला 11 अंकी युडायस क्रमांक (सरकारी नोंदीतली शाळेची ओळख) असतो, महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो. केंद्राच्या युडायस प्लस संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या भागात तो टाकला की शाळेचा अहवाल उघडतो : पटसंख्या, प्रवर्ग, शिक्षक, स्वच्छतागृहं. आकडे आदल्या वर्षाचे असतात, हे लक्षात ठेवा.

आता हे आकडे वाचताना लोक कुठे फसतात ते बघा. प्रवर्गाचे रकाने चारच : सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी. आपल्याकडचे बंजारा, वंजारी, धनगर राज्याच्या यादीत वेगवेगळ्या गटांत असले, तरी केंद्राच्या यादीत ओबीसीच. म्हणून 'ओबीसी 45 टक्के' एवढ्यावरून वर्गात कोण बसतं ते कळत नाही. मुस्लिम मुलं सर्वसाधारणमध्येही असतात, ओबीसीतही. बौद्ध मुलं तर अनुसूचित जातीत आणि वेगळ्या मोजलेल्या अल्पसंख्याकांत, दोन्हीकडे मोजली जाऊ शकतात. तेव्हा या दोन आकड्यांची बेरीज करू नका.

यापेक्षा मोठी फसगत तुकडीत आहे. समजा आठवीत 180 मुलं, 60-60 च्या तीन तुकड्या, आणि अनुसूचित जातीची मुलं 36. म्हणजे 20 टक्के, कागदावर उत्तम. पण सेमीच्या (म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या) 'अ' तुकडीत 3, 'ब' मध्ये 9 आणि 'क' मध्ये 24 असतील, तर शाळा मिश्र आहे आणि तुमची मुलगी बसेल तो वर्ग मुळीच नाही. यात दरवेळी कुणाचा हेतू वाईट असतो असं नाही. सातवीच्या गुणांवर सेमी द्यायचं ठरलं, की घरी शिकवणी परवडणारी मुलं आपोआप एकीकडे जमतात. म्हणून कार्यालयात नेमकं विचारा : सेमीची तुकडी कशावर ठरते, आणि वर्षाच्या मध्ये बदलता येते का? आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार मना आहे. तुकड्या पाडण्याची परीक्षा मात्र बऱ्याच ठिकाणी होते, आणि खरी चाळणी तिथेच लागते.

खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळा बघत असाल, तर आठवी आणि नववीचा पट शेजारी ठेवा. शिक्षण हक्क कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांवरच्या मुलांची फी आठवीपर्यंतच माफ असते. आठवीत 60 आणि नववीत 42 दिसले, तर ती 18 मुलं कुठे गेली ते विचाराच. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा 25 टक्क्यांचा नियम लागू नाही, त्यामुळे तिथे ही तुलना चालत नाही.

मग एकदा मधल्या सुट्टीत जा. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार असतो. पंगतीत कोण कुणाजवळ बसतं, डबा घरून आणणारी मुलं वेगळी बसतात का, ते दहा मिनिटांत दिसतं. फाटकाबाहेरच्या रिक्षा कोणकोणत्या वस्त्यांतून येतात, तेही चालकांना विचारा. एकाच कॉलनीच्या पाच रिक्षा उभ्या असतील तर आणखी चौकशीची गरज नाही.

एवढं सगळं असलं तरी, गणित-विज्ञानाचा शिक्षक नसलेली मिश्र शाळा निवडू नका. आणि अंतर तीन-चार किलोमीटरच्या पुढे गेलं, तर पावसाळ्यात मुलीचे खाडे वाढतात.

प्रश्न : मुलगी सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. आठवीला मराठी माध्यमात घालायचं आहे. जड जाईल का? – एक आई, नांदेड

उत्तर : भाषा म्हणून मराठी ती शिकलीच आहे, अडेल ते गणित-विज्ञानाच्या शब्दांपाशी. बालभारतीची पुस्तकं दोन्ही माध्यमांत निघतात. सातवीच्या गणिताची दोन्ही पुस्तकं (संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात) शेजारी उघडा आणि वही करा : कसर म्हणजे अपूर्णांक, मुसल्लस म्हणजे त्रिकोण, दायरा म्हणजे वर्तुळ. 'मुरब्बा'पाशी थांबा. आकृती असेल तर चौरस, संख्येचा असेल तर वर्ग. त्यात 'वर्ग' म्हणजे शाळेचा वर्गही, त्यामुळे पहिल्या महिन्यात हमखास गोंधळ होतो. मे महिन्यात रोज दहा शब्द केले, तर जूनपर्यंत तीनशेच्या वर होतात. उत्तरं मात्र तोंडी नकोत, देवनागरीत लिहूनच घ्या. तिचा हात उजवीकडून डावीकडे वळलेला आहे, परीक्षेत वेळ जातो तो तिथेच.