दुसरा ईसीएम टाकण्याआधी पहिल्याला कोणी मारलं ते शोधा

पाऊस सुरू झाला की जुन्या व्हॅनवाल्यांची पत्रं वाढतात. गाडी ओम्नी असो, ईको असो की व्हर्सा, एक वाक्य ठरलेलं : ‘मिस्त्री म्हणतात ईसीएम गेला.’ ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. पेट्रोल किती फवारायचं, ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. बंद डबा असल्यामुळे तो उघडून कोणी बघत नाही, आणि म्हणून न सापडलेला प्रत्येक दोष त्याच्या नावावर जातो. माझ्याकडे ‘मेलेले’ म्हणून येणारे बरेचसे ईसीएम टेबलावर चांगले चालतात.

माझी 1996 ची ओम्नी सकाळी लवकर सुरू होत नाही. ईसीएम बदलायला सांगितलाय. बदलू का? (पंढरपूर)

तुमच्या गाडीत ईसीएम नाही. ती कार्बोरेटरची गाडी आहे. चोक आणि प्लग बघून घ्या, आणि ज्यांनी हा सल्ला दिला त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला असतो. म्हणजे ईसीएम खराब का? (कराड)

नाही. उलट तो जिवंत आहे आणि दुसऱ्या कोणाची तरी तक्रार सांगतोय. चावी ऑन केल्यावर दिवा अजिबात पेटत नसेल, तर काळजी करा. तेव्हाही आधी बल्ब, फ्यूज आणि मेन रिले (ईसीएमला वीज सोडणारा स्विच). स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. नुसता ‘क्लीअर’ करून पैसे घेणाऱ्याकडून नको.

2006 ची एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरची) ओम्नी. गरम झाली की रस्त्यात बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. दोन गॅरेजांनी ईसीएम सांगितला. गाडी शाळेच्या मुलांची आहे. (बार्शी)

गरम झाल्यावर बंद पडणं हे ईसीएमचं लक्षण असू शकतं. आतल्या सर्किटच्या प्लेटवरचं सोल्डर वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन तडकतं, उष्णतेने तडा उघडतो, थंड झालं की पुन्हा टेकतो. पण इग्निशन कॉइल, कॅम-क्रँकचा सेन्सर आणि पेट्रोल पंपाचा रिले हेही अगदी असंच वागतात, आणि ते ईसीएमपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

गाडी बंद पडेल त्याच क्षणी तीन गोष्टी बघा. चावी ऑन केल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घूं-घूं आवाज येतो का? चेक इंजिनचा दिवा पेटतो का? सेल्फ मारताना प्लगला ठिणगी आहे का? तिसरी गोष्ट मिस्त्रींनाच बघू द्या. दिवा आणि पंप दोन्ही मेलेले असतील तर संशय ईसीएमच्या सप्लायवर, रिलेवर किंवा खुद्द ईसीएमवर. दिवा आहे, पंप आहे, फक्त ठिणगी नाही, तर आधी कॉइल आणि सेन्सर. हे कागदावर लिहा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

तुमच्या पत्रात ‘चार महिन्यांपासून’ असंही आहे. चार महिने! मुलांना घेऊन हमरस्त्यावर बंद पडणारी गाडी उद्यापासून फेरीला काढू नका.

ऑनलाइन साडेतीनशे रुपयांचं ब्लूटूथ स्कॅनर घेतलं. माझ्या 2005 च्या ओम्नीला जोडलं जातच नाही. ईसीएम मेलाय ना? (सोलापूर)

स्कॅनर जोडलं जात नाही एवढंच सिद्ध झालं. त्या काळात आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे सगळ्या गाड्यांना कळणाऱ्या एकाच ठरलेल्या स्कॅनर-भाषेची, सक्ती नव्हती. कंपनीची भाषा येणारं स्कॅनरच लागतं.

जुलै 2021 च्या पुरात व्हॅनमध्ये सीटपर्यंत पाणी आलं होतं. वाळवून चालवली, ठीक होती. आता मधेच मिसिंग करते. कोणी म्हणतं ईसीएम काढून तांदळात ठेवा. (चिपळूण)

तांदूळ शिजवा. पाणी तेव्हाच वाळलं, मागे राहिला तो गाळ आणि क्षार. कपलरच्या (तारा डब्याला जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांवर हिरवट थर दिसत असेल तर तो एका दिवसात चढलेला नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग ईसीएमचे कपलर सोडवून आतल्या पिना बघा. सँडपेपर मारू नका. पिना आणि प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ होते, पण प्लेटवरचा तांब्याचा ट्रॅक खाल्ला गेला असेल तर नुसत्या सफाईने भागत नाही. ते प्लेट दुरुस्त करणाऱ्यालाच कळेल. हार्नेसही, म्हणजे तारांचा जुडगाही, त्याच्याकडून तपासून घ्या. पाणी वायरच्या आवरणातून आत शिरतं आणि भलत्याच ठिकाणी तांबं काळं करतं. गाडी पुरातून निघाल्याबरोबर, चावी न लावता आणली असती तर हे काम एका दुपारचं होतं.

2011 ची ईको, बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. ईसीएम गेला म्हणून दुसरा टाकला, सोळा दिवसांत तोही गेला. दुकानदार म्हणतो इलेक्ट्रिक वस्तूला वॉरंटी नसते. तिसरा कुठला घेऊ? (जळगाव)

कुठलाच नाही. आधी खुनी शोधा.

ईसीएम सहसा आपणहून मरत नाही, त्याला बाहेरून मारलं जातं. त्याच्या आत इंजेक्टर आणि कॉइलना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर असतात. कॉइल आतून शॉर्ट झाली की ती जास्त करंट ओढते आणि ट्रान्झिस्टर जळतो. तुम्ही डबा बदललात, कॉइल तीच ठेवलीत. नव्याचंही तेच झालं. म्हणून ईसीएम उघडण्याआधी प्रत्येक इंजेक्टरचा आणि कॉइलचा ओहम मोजायचा. अशा गाड्यांत इंजेक्टर साधारण 12 ते 16 ओहम दाखवतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. एखादा तीन-चारवर आला तर चोर सापडला.

मग अर्थिंग. मल्टीमीटरची एक पिन ईसीएमच्या अर्थच्या तारेवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. 0.1 व्होल्टच्या आसपास राहिलं पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची तार किंवा तिचा गंजका बोल्ट हा तुमचा आजार. त्यामुळे सेन्सरचे आकडे भरकटतात आणि धडधाकट ईसीएम वेडा ठरतो. तसंच सेन्सरांच्या 5 व्होल्टच्या लाइनचं. एकच सेन्सर आतून शॉर्ट झाला तर ती सगळी लाइन बसते आणि गाडी मेल्यासारखी होते. सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. पाच व्होल्ट परत आले तर शेवटी काढलेला दोषी.

तिसरा संशयित तुमचं सीएनजी किट. ते बसवताना इंजेक्टरच्या तारा तोडून मध्ये जोड दिलेले असतात. पीळ मारून नुसती टेप गुंडाळलेली असेल तर ती इंजिनाच्या उष्णतेने सुटते आणि तारा एकमेकींना टेकतात. किटवाल्याकडूनच ते सोल्डर करून घ्या. त्याच फेरीत सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झाली आहे का, तेही विचारा.

आता माझ्या रागाचा विषय. चालू गाडीत बॅटरीची टर्मिनल उचकटून ‘डायनॅमो चार्जिंग करतोय का’ बघणारे मिस्त्री अजून आहेत. कार्बोरेटरच्या काळात हे खपून जायचं. मीही तसंच शिकलो. पहिल्यावहिल्या एमपीएफआय व्हॅनवर मी गिऱ्हाइकासमोर ऐटीत टर्मिनल उचलली, इंजिन एकदा कापल्यासारखं झालं आणि थांबलं ते थांबलंच. बॅटरी निघाली की डायनॅमोच्या करंटला जायला जागा राहत नाही. क्षणभर 60-80 व्होल्टांचा झटका बसू शकतो, आणि ईसीएम असतो 12 व्होल्टांच्या हिशोबाचा. तो ईसीएम मी माझ्या खिशातून भरून दिला. डायनॅमो बघायचा असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा : साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट ठीक, 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला आणि तोच पुढचा ईसीएम मारणार. तुमच्या गाडीत त्या सोळा दिवसांत कोणी टर्मिनल काढली होती का, जंप केबल उलटी लावली होती का, प्रामाणिकपणे विचारा.

एवढं सगळं तपासून होईपर्यंत दुकानाची पायरी चढू नका. आणि हो, ‘इलेक्ट्रिक वस्तूला वॉरंटी नसते’ हा कायदा नाही, दुकानाची सोय आहे. बिल असेल तर लेखी मागा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना ईसीएम स्वस्तात मिळतोय, कपलर सेम आहे. टाकू का? (पुणे)

कपलर सेम म्हणजे फक्त तो आत जाईल. डब्याच्या लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरांसकट; पेट्रोलच्या आणि कंपनी-सीएनजीच्या गाडीची प्रोग्रॅमिंग वेगळी असते. गाडीला आय-कॅट्स असेल, म्हणजे चावीत चिप असेल, तर ईसीएम दुसऱ्या गाडीची चावी ओळखून बसलेला असतो. इंजिन सुरू होणार नाही किंवा लगेच बंद पडेल. जुन्यातला डेटा नव्यात उतरवून देणारे लोक आहेत, पण त्यासाठी तुमचा जुना डबा लागतो. तो कोणाला ‘एक्स्चेंज’मध्ये देऊन टाकू नका, जळलेला असला तरी. ‘टेस्टेड आहे, रिटर्न नाही’ ही पाटी दिसली की दोनपैकी एकच गोष्ट खरी असते. आधी तुमचाच डबा दुरुस्त होतो का, ते प्लेटचं काम करणाऱ्याला विचारा.

मायलेज वाढवणारी चिप मिळते. पोर्टला लावली की ईसीएम ‘शिकतो’ म्हणे. (मडगाव)

त्या डबीत एक दिवा असतो. तो लुकलुकतो.

ओम्नीचा तळ गंजलाय, पत्रा मारून वेल्डिंग करायचंय. ईसीएमला काही होईल का? (सातारा)

होईल, काळजी घेतली नाही तर. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि ईसीएमचे सगळे कपलरही सोडवा. वेल्डिंगची अर्थ क्लिप जिथे ठिणगी पडणार त्याच पत्र्यावर, अगदी जवळ लावायला सांगा, इंजिनावर किंवा पलीकडच्या दारावर नको. कपलर कुठे असतात हे वेल्डरला माहीत नसतं, म्हणून इलेक्ट्रिशियनला आधी अर्ध्या तासासाठी बोलवा. आणि मॅट उचलल्यावर खाली पाणी दिसलं, तर ते कुठून येतंय हे पत्रा मारायच्या आधी बघा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तुमचंही पत्र चिपळूणच्या पत्राशेजारी असेल.