वाचकांचे प्रश्न : गाणी कोणत्या फॉरमॅटमध्ये आणि किती बिटरेटवर ठेवावीत?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी रोज रेल्वेने भुसावळहून जळगावला ये-जा करतो आणि वाटेत मोबाइलवर ब्लूटूथ इअरफोन लावून गाणी ऐकतो. मोबाइलमध्ये ३२ जीबीचे कार्ड असून त्यात १२८ पासून ३२० किलोबिटपर्यंतच्या सर्व प्रकारच्या एमपी-थ्री फाइली आहेत. डब्यातील एका मित्राचे म्हणणे असे की, फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या फॉरमॅटशिवाय अन्य काही ऐकणे म्हणजे अर्धेच गाणे ऐकणे. सर्व गाणी पुन्हा फ्लॅकमध्ये जमवावीत काय?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे शांत खोलीत, तारेच्या चांगल्या हेडफोनवर तपासून पाहण्याजोगे आहे, धावत्या गाडीच्या डब्यात त्याला फारसा अर्थ उरत नाही.

सीडीवरील संगीतात डाव्या आणि उजव्या अशा प्रत्येक बाजूसाठी दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. दोन्ही बाजू मिळून हे प्रमाण सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होते; सेकंदामागच्या या प्रमाणालाच बिटरेट म्हणतात. फ्लॅक ही माहिती काहीही न गाळता साधारणपणे निम्म्या ते दोन तृतीयांश जागेत बसवते. एमपी-थ्रीची रीत निराळी आहे. एखाद्या मोठ्या आवाजाच्या आड झाकला जाणारा बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येत नाही, या अनुभवाचा आधार घेऊन ती असा भाग गाळते किंवा ढोबळपणे नोंदवते. बिटरेट जितका कमी, तितकी ही गाळणी कठोर. एमपी-थ्रीचे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९९७ मध्ये आलेला एएसी हा फॉरमॅट हेच काम अधिक काटकसरीने करते, त्यामुळे कमी बिटरेटवर एएसीची फाइल त्याच आकाराच्या एमपी-थ्रीपेक्षा बहुधा सरस ठरते.

आता आपला प्रवास. रुळांचा खडखडाट आणि पंख्यांचा आवाज हे दोन्ही आपल्या कानात गाण्यावर तेच झाकण घालत असतात. ज्या बारकाव्यांसाठी फ्लॅकची जागा खर्च करावयाची, ते बारकावे डब्यात आधीच झाकले गेलेले असतात. शिवाय ब्लूटूथवर गाणे जसेच्या तसे इअरफोनपर्यंत जात नाही. मोबाइल ती फाइल उलगडतो आणि ब्लूटूथच्या स्वतःच्या पद्धतीने पुन्हा आवळून पाठवतो. यांतील सर्वत्र चालणारी एसबीसी ही पद्धत सामान्यतः ३२८ किलोबिटपर्यंतच जाते. म्हणजे फ्लॅक घेतले, तरी शेवटच्या टप्प्यात गाळणी होणारच. मात्र यावरून १२८ किलोबिटची फाइलही पुरेशी आहे असे समजू नये. एकदा गाळलेले पुन्हा गाळले जाते तेव्हा आधीचे दोष अधिक उघडे पडतात. म्हणून ब्लूटूथवर ऐकणाऱ्याने एमपी-थ्री असल्यास १९२ ते २५६ आणि एएसी असल्यास १६० ते १९२ किलोबिट ठेवावे, असे माझे मत आहे. व्हेरिएबल बिटरेटचा पर्याय उपलब्ध असेल तर तो अवश्य निवडावा. त्यात शांत जागी कमी आणि गुंतागुंतीच्या जागी अधिक बिट खर्च होतात.

जागेचा हिशेब असा. पाच मिनिटांचे गाणे २५६ किलोबिटवर ९.६ मेगाबाइट होते, म्हणजे आपल्या कार्डावर तीन हजारांच्या वर गाणी मावतील. तेच गाणे फ्लॅकमध्ये २५ ते ३५ मेगाबाइट घेईल आणि गाण्यांची संख्या हजाराच्या आसपास येईल.

तरीही मित्राचे समाधान होत नसेल, तर एकाच फ्लॅक फाइलपासून २५६ किलोबिटची प्रत तयार करावी आणि घरातील कोणाला तरी दोन्ही आलटून पालटून, कोणती कोणती ते न सांगता, सारख्याच आवाजात लावावयास सांगावे. आवाज सारखा असणे महत्त्वाचे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. ही परीक्षा ज्यांनी दिली, त्यांचा फॉरमॅटविषयीचा वाद पुढे बराच सौम्य होतो, असे मी पाहिले आहे.

पैसे खर्च करावयाचेच असतील, तर कान नीट बंद करणारे इअरफोन घ्यावेत. बाहेरचा गोंगाट आत आला की आपण नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि आवाज वाढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात.

प्रश्न : नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई, ही आमची खानदेशातील देवी, बसते. सुमारे तीस वर्षांपूर्वी आई, मोठ्या काकू आणि गल्लीतील बायांनी त्या रात्री म्हटलेली अहिराणी गाणी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली आहेत. त्या कॅसेट मी एका दुकानातून एमपी-थ्रीमध्ये करून आणल्या. त्या १२८ किलोबिटच्या आहेत. टाळ्यांचा आवाज फुटल्यासारखा आणि पाण्यातून आल्यासारखा लागतो. त्या ३२० मध्ये बदलून घेतल्यास सुधारतील काय? सुरतेचा भाऊही मोबाइलवर ही गाणी मागतो आहे.
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : सुधारणार नाहीत. १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलल्याने तिचा आकार अडीच पट होईल, परंतु गाळला गेलेला आवाज परत येणार नाही. उलट नव्याने एकदा गाळणी होईल. सुदैवाची गोष्ट ही की, मूळ कॅसेट अजून आपल्यापाशी आहेत. त्या पुन्हा भराव्यात.

बिघाड टाळ्यांमध्येच का जाणवतो, तेही समजून घेण्यासारखे आहे. एमपी-थ्री ध्वनीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा एकत्रित विचार करते. टाळी, ढोल किंवा संबळ यांचा आघात तुकड्याच्या मध्यावर पडला, तर आवळण्यातील त्रुटी संपूर्ण तुकड्यावर पसरते आणि आघाताच्या अगोदरच एक धूसर फसफस ऐकू येते. त्यात कॅसेटची स्वतःची ‘सुस्स’ अशी खरखर आणि अनेक बायांचे एकत्र गायन यांची भर पडते. खरखर ही कोणत्याही नियमाने न बांधलेली असल्याने ती आवळणे सर्वांत कठीण असते आणि तिच्यावरच पुष्कळ बिट खर्ची पडतात. स्टुडिओतील स्वच्छ गाणे १२८ मध्ये जसे निभावते, तसे घरचे रेकॉर्डिंग निभावत नाही.

नव्याने भरताना प्रथम कॅसेटमधील पट्टीमागचा नमद्याचा लहान तुकडा जागेवर आहे का ते पाहावे, कारण जुन्या कॅसेटमध्ये तो बहुधा सुटलेला असतो. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. पट्टी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी. मग टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून तारेने संगणकाच्या लाइन-इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेण्याच्या भोकात, आवाज न्यावा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम या कामाला पुरेसा आहे. ४४,१०० नमुने आणि १६ बिट हे कॅसेटच्या कुवतीपेक्षा अधिकच आहे. २४ बिटचा लाभ एवढाच की, पातळी थोडी कमी ठेवली तरी चालते. पातळी अशी ठेवावी की, सर्वांत जोराच्या टाळीलाही मीटर वरच्या टोकाला टेकणार नाही. टोकाला टेकलेला आवाज कापला जातो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

घरचे टेपरेकॉर्डर बहुधा एकाच बाजूचे, म्हणजे मोनो, रेकॉर्डिंग करीत. तसे असल्यास मोनोच भरावे. १६ बिटवर एका तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट लागतात, आणि फ्लॅकमध्ये ठेवल्यास त्याहून कमी. ही मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवावी, असा माझा आग्रह आहे. वेव्ह या न आवळलेल्या फॉरमॅटच्या तुलनेत तिच्यात गाणारणींची नावे आणि वर्ष नीट लिहून ठेवता येते. शिवाय प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये आतील ध्वनीची एक तपासणी-खूण असते, तिच्यावरून पुढे कधी फाइल खराब झाली तर ते कळते. खरखर काढण्याचा मोह मूळ प्रतीवर आवरावा. ती काढताना गळ्यातील धारही निघून जाते. जे काही करावयाचे ते दुसऱ्या प्रतीवर करावे.

एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. टेपरेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरत आले असतील, तर रेकॉर्डिंगच्या वेळी पट्टी सावकाश फिरलेली असते. अशी कॅसेट आज वाजवली की गाणी घाईची आणि बायांचे आवाज बारीक, चढे येतात. आईचा आवाज ओळखीचा वाटत नसेल, तर हे कारण तपासावे. ऑडॅसिटीमध्ये वेग बदलता येतो, आणि योग्य वेग कोणता हे त्या बायांपैकी जी कोणी आज आहे, तीच सर्वांत अचूक सांगू शकेल.

भावासाठी फ्लॅकवरून मोनो एमपी-थ्रीची प्रत ९६ ते १२८ किलोबिटवर करावी. मोनोमध्ये सर्व बिट एकाच बाजूला मिळत असल्याने हा आकडा दिसतो तितका तोकडा नाही. फ्लॅकची एक प्रतही त्यांच्याकडे ठेवण्यास द्यावी, म्हणजे मूळ प्रत एकाच घरात अडकून राहणार नाही. कॅसेट मात्र फेकू नयेत, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवू नयेत. आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा पट्टीवर त्याचा परिणाम होतो.

प्रश्न : केळीच्या बागेत ऐकण्यासाठी पेनड्राइव्हचा स्पीकर घेतला आहे. त्यात काही गाणी वाजतात, काही वगळली जातात आणि क्रमही भलताच लागतो. स्पीकर बदलून घ्यावा काय?
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : आधी पेनड्राइव्ह पाहावा. स्वस्त स्पीकर एमपी-थ्री हमखास वाजवतात, परंतु एम-फोर-ए किंवा ओपस या फाइली पुष्कळदा वगळतात. अशा फाइली एमपी-थ्रीमध्ये बदलून घ्याव्यात. उघड्यावरच्या लहान स्पीकरला १२८ ते १६० किलोबिट पुरेसे आहेत. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असेल तर तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट झालेला असण्याची शक्यता असते, आणि असे स्पीकर बहुधा फॅट-३२ च ओळखतात. ३२ जीबीचा घेणे सोपे. क्रमाचे कारण असे की, यांतील बरेच स्पीकर नावाप्रमाणे न जाता, फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर भरल्या त्या क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह रिकामा करून फॉरमॅट करावा आणि गाणी हव्या त्या क्रमाने एकेक करून भरावीत.