पावसाळ्यात ओपीडीला रांगा असताना आम्हा नर्सना 'दुसऱ्यांशी चांगलं वागा, बरं वाटेल' या सल्ल्याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण वार ठरवून. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सहा आठवडे, दर आठवड्याला पाच चांगली कामं केली. ती एकाच दिवशी करणाऱ्यांचं समाधान वाढलं, आठवडाभर विखरून करणाऱ्यांचं नाही.

हा वार ठरवताना लसीकरणाचा दिवस टाळा. कामं पाच-दहा मिनिटांची आणि नेमून दिलेल्या कामाबाहेरची हवीत; ड्रेसिंग नीट केलं ते यात धरू नका. लावणीच्या दिवसांत तापाने आलेल्या आजोबांना गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून द्या. सहकारी बाईंची शेवटची एसटी चुकू नये म्हणून ड्युटीचा चार्ज थोडा आधी घ्या. आशाताईंना नुसतं 'छान' म्हणू नका, नेमकं सांगा: "लेप्टोच्या तापाचा संशय आला तसा पेशंट लगेच आणलात, म्हणून उपचार वेळेत झाले." कामं बदलत राहा, नाहीतर तीही रुटीन होतात.

बिघडतं ते बहुतेकदा इथे: भिडेखातर दुसऱ्याची अख्खी नाईट अंगावर घेतली जाते. झोप गेली की चिडचिड पेशंटवरच निघते. अशा वेळी सरळ नाही म्हणा. आणि रिकाम्या पदांवर हा उपाय नव्हे. ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखीच कळवा.