वाचकांचे प्रश्न : जगाच्या आजारपणाचा हिशेब

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. कोणत्या आजाराने जगात किती माणसे दगावतात, किती जण खंगत जगतात, याचे आकडे तयार कसे होतात आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, हा तो विषय. म्हणून या वेळी त्याच पत्रांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ‘जगात हृदयविकाराचे इतके बळी, मलेरियाचे इतके’ असे आकडे वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येतात. आमच्या गावात तर कोणी विचारायला आल्याचे मला आठवत नाही. मग हे आकडे येतात कुठून? (निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

आपली शंका रास्त आहे. ज्या देशांत प्रत्येक मृत्यू नोंदला जातो आणि त्या नोंदीत डॉक्टरने कारण लिहिलेले असते, तिथे काम मुख्यतः बेरजेचे असते. जगातले पुष्कळ देश तसे नाहीत. भारतात मृत्यूची नोंद 1969 च्या कायद्याने सक्तीची आहे आणि आता बहुतेक मृत्यू नोंदले जातात. पण नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू साधारण पाचात एक एवढेच असतात. बाकीची माणसे घरी, शेतावर किंवा दवाखान्याच्या वाटेवर गेली, आणि ती कशाने गेली हे कागदावर उतरलेच नाही.

ही पोकळी भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे घरच्यांना विचारणे. भारताच्या महानिबंधक कार्यालयाकडे देशभरातली निवडक गावे आणि वस्त्या असलेली नमुना नोंदणी पद्धत पूर्वीपासून आहे. तिचाच आधार घेऊन साथरोगतज्ज्ञ डॉ. प्रभात झा यांच्या पुढाकाराने ‘दशलक्ष मृत्यू अभ्यास’ झाला. मृत्यू झालेल्या घरी प्रशिक्षित कर्मचारी जातो, ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, सूज कुठे होती, असे ठरलेले प्रश्न विचारतो आणि नंतर घरच्यांच्या तोंडची हकिगत त्यांच्याच भाषेत लिहून घेतो. तो कागद दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचतात व प्रत्येक जण आपले निदान नोंदवतो. दोघांचे जुळले नाही, तर पुन्हा विचार होतो आणि शेवटी तिसरा, अनुभवी डॉक्टर निर्णय देतो.

सर्पदंशाच्या बाबतीत या पद्धतीने जे दाखवून दिले, ते मला फार मोलाचे वाटते. 2001 ते 2003 या काळातल्या सुमारे 1 लाख 23 हजार मृत्यूंच्या हकिगती तपासल्या, तेव्हा त्यांतले 562 मृत्यू साप चावल्याने झालेले निघाले. ते प्रमाण देशातल्या एकूण मृत्यूंना लावून 2005 सालासाठी सुमारे 46 हजार मृत्यूंचा अंदाज आला. रुग्णालयांच्या अहवालांतून जमणारा आकडा याच्यापुढे अगदीच किरकोळ होता. कारण उघड आहे. यांतले जेमतेम 23 टक्के लोक रुग्णालयात गेले होते, 97 टक्के मृत्यू खेड्यांतले होते, आणि ते सर्वाधिक पावसाळ्याच्या महिन्यांत, म्हणजे शेतीच्या ऐन हंगामात झालेले होते. जो रुग्णालयात पोहोचलाच नाही, तो रुग्णालयाच्या वहीत कसा येणार? जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत स्थान दिले, त्यामागे अशा मोजणीचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे.

मात्र हीच पद्धत सगळीकडे सारखी भरवशाची नाही. साप चावलेला घरच्यांना माहीत असतो. तापाचे तसे नसते. याच अभ्यासातून मलेरियाने वर्षाला सुमारे 2 लाख 5 हजार मृत्यू होतात असा अंदाज 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा भारतासाठीचा अंदाज 15 हजारांचा होता. संघटनेने आक्षेप घेतला, की नुसत्या हकिगतीवरून मलेरियाचा ताप आणि दुसरा ताप वेगळा ओळखता येत नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

दुसरा मार्ग गणिती प्रारूपांचा. जागतिक बँकेच्या पुढाकाराने क्रिस्टोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांनी 1990 हे वर्ष धरून जगाच्या रोगभाराचा, म्हणजे आजारांनी होणाऱ्या एकूण हानीचा, पहिला सर्वंकष अभ्यास केला आणि त्याचा उपयोग बँकेच्या 1993 च्या अहवालात झाला. 2007 पासून हे काम मुख्यतः अमेरिकेतल्या सिएटल इथल्या संस्थेत चालते. एखाद्या देशाची माहिती तुटपुंजी असेल, तर शेजारी देश, उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान अशा गोष्टींचा संबंध लावून तिथला आकडा काढला जातो. असा आकडा संशोधक नेहमी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा मर्यादांसह देतात. छापून येताना त्या मर्यादा गळतात आणि अंदाजाला मोजणीचा मान मिळतो. आपण विचारलेल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे, की आपल्या गावात कोणी आले नसले तरी आपल्या गावाचा अंदाज त्या आकड्यात आहे.

प्रश्न : मृत्यू मोजणे समजू शकते. पण ‘निरोगी आयुष्याची गमावलेली वर्षे’ मोजून म्हाताऱ्या माणसांच्या जिवाचे मोल कमी केले जात नाही का? माझ्या आईचे वय 81 आहे, म्हणून कळकळीने विचारते. (वाचक, नाशिक)

ताई, या मापावरचा सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आपण नेमका मांडला आहे.

आधी हे माप का लागले ते पाहू. नुसते मृत्यू मोजले, तर कंबरदुखी, नैराश्य, बहिरेपण यांसारखी जी दुखणी माणसाला मारत नाहीत पण वर्षानुवर्षे छळतात, ती हिशेबात येतच नाहीत. म्हणून दोन गोष्टींची बेरीज केली जाते. अकाली मृत्यूने आयुष्याची जितकी वर्षे गेली ती एक, आणि आजारात काढलेली वर्षे, त्या आजाराच्या तीव्रतेनुसार शून्य (पूर्ण निरोगी) ते एक (मृत्यूसमान) यांमधल्या गुणकाने गुणून, ती दुसरी. तिशीतला शेतमजूर साप चावून गेला, तर सुमारे 56 वर्षे गमावली असे धरतात. या पद्धतीने हिशेब मांडताच 1990 सालच्या जगात नैराश्य हे रोगभाराचे चौथ्या क्रमांकाचे कारण असल्याचे दिसले. मृत्यूंच्या यादीत ते कधीच दिसले नसते.

पण माप कितीही गणिती दिसले, तरी त्याच्या पोटात माणसांनी घेतलेले निर्णय असतात. पहिल्या अभ्यासात ऐन तारुण्यातल्या वर्षांना जास्त वजन आणि बालपण व म्हातारपणातल्या वर्षांना कमी वजन दिले होते. शिवाय भविष्यातले प्रत्येक वर्ष दरसाल 3 टक्क्यांनी कमी मोलाचे धरले होते. सुधीर आनंद आणि कारा हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये यावर कडाडून टीका केली. पुढे 2012 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही दोन्ही वजने काढून टाकण्यात आली, म्हणजे आपल्या आक्षेपाचा एक भाग मान्य झाला. दुसरा भाग उरतोच: 81 व्या वर्षी आलेल्या मृत्यूने गमावलेली वर्षे कमी भरतात. माझे मत स्पष्ट आहे. प्रतिबंधाचा पैसा कुठे लावावा, हे ठरवताना हे माप उपयोगी आहे; समोर खाटेवर असलेल्या कोणत्या रुग्णावर उपचार करावेत, हे ठरवण्यासाठी ते कोणी वापरू लागला तर त्याला तिथेच अडवले पाहिजे.

आजारांचे गुणकही असेच वादाचे आहेत. ते आधी तज्ज्ञांच्या गटाने ठरवले होते. नंतर बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिका इथल्या सामान्य लोकांना दोन माणसांची वर्णने सांगून ‘यांतला अधिक निरोगी कोण?’ असे विचारण्यात आले. त्यात संपूर्ण अंधत्वाचा गुणक आधीच्या 0.6 वरून 0.2 च्या आसपास आला. नव्या पद्धतीत फक्त आरोग्याची हानी मोजायची असे ठरले आहे. पायवाटही धड नसलेल्या वस्तीत दृष्टी नसताना जगणे काय असते, ते या गुणकात येत नाही.

प्रश्न : आपल्याकडे आता साथीचे आजार मागे पडून मधुमेह आणि हृदयविकार हेच मोठे आजार झाले, हे खरे आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

देशाची सरासरी पाहिली तर खरे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि सहकारी संस्थांनी 2017 मध्ये राज्यवार हिशेब प्रसिद्ध केला. त्यानुसार संसर्गजन्य आजार, बाळंतपण, नवजात अर्भकांची दुखणी व कुपोषण यांचा रोगभारातला वाटा 1990 मध्ये 61 टक्के होता, तो 2016 मध्ये 33 टक्क्यांवर आला, आणि असंसर्गजन्य आजारांचा वाटा 30 वरून 55 टक्क्यांवर गेला. केरळ, गोवा आणि तमिळनाडू या बदलात पुढे आहेत. मात्र त्याच अहवालात रोगभार वाढवणाऱ्या घटकांत बालकांचे व मातांचे कुपोषण अजूनही पहिल्या क्रमांकावर होते. राज्याची सरासरीही फसवी असते. पुणे आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्राच्या एकाच आकड्यात बसवलेले असतात.

प्रश्न : मी तीस वर्षे परिचारिका होते. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे याबद्दल बायका आम्हालासुद्धा सांगत नसत. ही दुखणी जगाच्या हिशेबात असतात का? (निवृत्त परिचारिका, चंद्रपूर)

ती कोणी मुद्दाम विचारली, तरच असतात. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात हे सिद्ध झालेले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. त्या काळी ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याची चर्चा बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांच्यापुढे फारशी जात नसे.

प्रारूप कितीही प्रगत असले, तरी कोणी न विचारलेले दुखणे त्याला कळत नाही. आपल्यासारख्यांच्या अनुभवाची म्हणूनच गरज आहे: आपल्या भागातल्या स्त्रिया कोणती दुखणी अंगावर काढतात, हे आपण लिहून काढावे आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समाजवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागाकडे द्यावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : कोविडच्या मृत्यूंचा सरकारी आकडा आणि जागतिक संघटनेचा आकडा यांत जवळजवळ दहापट फरक होता. खरे कोणाचे? (वाचक, ठाणे)

दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे होते. 2021 अखेर सरकारी नोंदीत असलेले सुमारे 4 लाख 81 हजार मृत्यू हे कोविड म्हणून नोंदलेले मृत्यू होते. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला 47 लाखांचा आकडा त्या दोन वर्षांत अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या सर्व मृत्यूंचा, प्रारूपाने काढलेला अंदाज होता. त्या पद्धतीला भारत सरकारने जाहीर हरकत घेतली. पुढे 2025 मध्ये 2021 ची नागरी नोंदणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे 1 कोटी 2 लाख मृत्यू आहेत. 2020 मध्ये ते 81 लाखांच्या आसपास होते. ही सगळी वाढ कोविडची मानता येणार नाही, कारण नोंदणीही सुधारत होती, पण एका वर्षात 21 लाखांची वाढ केवळ नोंदणी सुधारल्याने होत नाही. हा आकडा वेळेवर आला असता, तर प्रारूपावरचा वाद एवढा पेटला नसता. मोजलेले आकडे उशिरा देणाऱ्याला दुसऱ्याच्या अंदाजावर रागावण्याचा फारसा अधिकार उरत नाही.

प्रश्न : माझे वडील अनेक वर्षे मधुमेही होते, मूत्रपिंडेही गेली होती. कागदावर मात्र ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढेच आहे. याने काही फरक पडतो का? (वाचक, सोलापूर)

पडतो. हृदयक्रिया शेवटी प्रत्येकाचीच बंद पडते. ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे. रुग्णालयाने भरायच्या नमुना 4 मध्येही, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रातही, अशी रीत कारण म्हणून लिहू नये, अशी सूचना असते. त्यात सर्वांत वर तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे उद्भवले ते, आणि शेवटच्या ओळीत मूळ आजार असा क्रम अपेक्षित असतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांचे निदान तसेच असेल, तर त्या शेवटच्या ओळीत मधुमेह यायला हवा होता. तो न आल्याने हा मृत्यू कोणत्याही खऱ्या आजाराच्या खात्यात जात नाही आणि संशोधकांना तो अंदाजाने कुठेतरी वाटून टाकावा लागतो.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत रुग्णालयाने जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. दुःखाच्या त्या घटकेला हे सुचत नाही, हे खरे. तरीही घरातल्या एखाद्याने ती प्रत मागून घ्यावी, शेवटची ओळ वाचावी, आणि ती कोरी असेल तर कागद निबंधकाकडे जाण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मूळ आजार लिहिण्याची विनंती करावी. निबंधकाकडे नोंदीची मुदत 21 दिवसांची असते.