डब्लिनचा फोर्टी फूट आणि आपली नर्मदेची डुबकी

तुम्ही लिहिलंय की नाताळात मेहुण्याकडे डब्लिनला चाललात, २५ डिसेंबरला तिकडचे लोक फोर्टी फूट म्हणून पोहायची जागा आहे तिथे गार समुद्रात उड्या मारतात, त्यात उतरायची मेहुण्याशी पैज लागलीय, आणि वर लिहिलंय की लहानपणापासून महेश्वरला माघात नर्मदेत डुबक्या मारल्यात, त्यात काय एवढं. हे शेवटचं वाचून हसूच आलं, कारण तीन वर्षांपूर्वी इंदूरहून लेकीकडे जाताना मीपण शब्दाला शब्द हेच बोलले होते. बरं मी काही नवशिकी नाही, वीस वर्षं रोज सकाळी तलावावर जाणारी बाई आहे.

तर पहिली गोष्ट ती नर्मदेची सवयच विसरा. आपण घाटावर काय करतो, पायऱ्या उतरलो, नाक धरलं, नर्मदे हर म्हटलं आणि डोकं आत, एकदा काय ते होऊन जाऊ दे. तिथे हे अजिबात नाही करायचं. डिसेंबरात तिथलं पाणी ९-१० अंशाच्या आसपास असतं आणि एवढ्या गार पाण्यात शरीर एकदम गेलं की आपोआप मोठ्ठा श्वास आत ओढला जातो, आपल्या हातात नसतंच ते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर काय होईल ते सांगायला नको. मग धाप लागते, छाती धडधडते, बीपी वर जातं. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात वाईट, दोन-तीन मिनिटांत ते ओसरतं. म्हणून कठड्याला धरून पायरी पायरीनं उतरायचं, मानेला तोंडाला पाणी लावायचं, श्वास सोडण्याकडे लक्ष द्यायचं (मी मनात पाढे म्हणत होते, सतराचा, तो तसाही येत नाही), आणि श्वास जाग्यावर आल्याशिवाय हात सोडायचा नाही. तिथली म्हातारी मंडळी अशीच उतरतात. उड्या मारणारी पोरं वेगळी, त्यांच्याकडे बघून काही ठरवू नका. आणि तुम्हाला बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच, मेहुण्याला जिंकू दे.

आता जागेबद्दल. सँडीकोव्ह म्हणून भाग आहे डब्लिनच्या दक्षिणेला, नेपोलियन येईल या भीतीनं १८०४ च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला गोल मार्टेलो टॉवर आहे तिथे आणि त्याच्या पायथ्याशी खडकात हा फोर्टी फूट. उतरलं की लगेच खोल, पाय टेकत नाहीत. पूर्वी हे फक्त पुरुषांचं होतं, बरेचसे कपड्याशिवायच पोहायचे म्हणे, मग १९७४ मध्ये बायकांनी निषेध म्हणून सरळ जाऊन पाण्यात उतरून दाखवलं. पुरुषांची स्नानाची जागा असं सांगणारी जुनी पाटी अजून आहे, तिच्याखाली माझा फोटो आहे लेकीनं काढलेला, आमच्या ह्यांनी बैठकीत लावलाय. पोहायच्या कपड्यांना तिकडे टॉग्ज म्हणतात, कोणी विचारलं तर गोंधळू नका.

माझं ऐकाल तर नाताळच्या दिवसाच्या आधी दोनदा तरी साध्या दिवशी जा. बाजूलाच सँडीकोव्हचा छोटासा वाळूचा किनारा आहे, उथळ आणि आडोशाला, पहिला दिवस तिथे घालवा, दोन मिनिटं फक्त, पोहायचं पण नाही. दुसऱ्या दिवशी फोर्टी फूट. खरी मजा तर साध्या दिवशीच आहे, सकाळी साडेआठला जेमतेम उजाडत असतं, पाचसहा जण बर्फासारख्या पाण्यात मानेपर्यंत बुडालेले आणि गप्पा काय तर कोणाच्या भाचीचं लग्न, आपल्याकडे पोह्याच्या ठेल्यावर चालतात तशा. सगळे एकच सांगतात, एकदा आत गेलं की ग्रँड. खोटं बोलतात, पण प्रेमानं बोलतात. नाताळला तुफान गर्दी असते, कोणी सांताची टोपी घालून, कोणी भलतंच काही, पायऱ्यांवर रांग, आणि गारठ्यात ओल्या खडकावर ताटकळण्यातच निम्मी ताकद जाते.

आणखी एक, हे मेहुण्याला नक्की विचारा, जाणार कसे? एरवी डार्ट लोकलनं सँडीकोव्ह अँड ग्लासथूल स्टेशनला उतरून चालत दहा-पंधरा मिनिटं. पण २५ डिसेंबरला तिकडे डार्ट, लुआस ट्राम, सरकारी बस सगळं बंद. गाडी नसेल तर आदल्या रात्री बाजूच्याच डन लेरी गावात वगैरे राहायला लागेल.

आत किती वेळ, तर पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं पुष्कळ. जोपर्यंत बरं वाटतंय तोपर्यंत राहू असं करू नका, कारण बरं वाटायला लागतं तेव्हाच हातपाय ढिले पडत असतात. आणि खरी थंडी बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी भरते, बाहेर आल्यावरही शरीर आतून गार होत राहतं आणि मग जे काय हुडहुडी. म्हणून अंग पुसून लगेच कपडे, आधी वरचे. गरम पाण्याचा शॉवर लगेच नको, चक्कर येते. दारू तर आधीपण नको नि लगेच नंतरपण नको, मेहुणा फ्लास्क पुढे करेल, चहाचा असेल तर घ्या.

कपडे बटणांचे नेऊ नका हो, ढगळे, डोक्यातून घालायचे न्या, लोकरीची टोपी, जाड मोजे. मी सलवार-कुर्ता नेला होता, नाडी बांधायला बोटंच चालेनात, अर्धी ओली उभी राहून रडायचीच बाकी होते. शेवटी शेजारच्या सत्तरीच्या आजीबाईंनी बांधून दिली, त्यांना नाडी म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, बुटाच्या लेससारखी गाठ मारली. घरी जाऊन लेकीला कात्री घ्यावी लागली. बदल्यात मी त्यांना पर्समधली रतलामी सेव दिली, त्यांनी चिमूटभर खाल्ली आणि एवढ्या थंडीत कपाळावर घाम आला त्यांच्या.