गंजाखालचे क्षार

प्रश्न : मेटल डिटेक्टरने सापडलेले महायुद्धातले लोखंडी बकल तारेच्या ब्रशने घासून तेल लावले. दोन महिन्यांत पुन्हा नारिंगी थेंब दिसू लागले, पापुद्रे सुटले. का?

उत्तर : गंजाच्या थरात मातीतले क्लोराइड क्षार अडकलेले असतात. तेलाने ते निघत नाहीत आणि हवेतली ओल ओढून लोखंड आतून खात राहतात. आधी चुंबक लावून पाहा. ओढ क्षीण असेल तर आत धातू फारसा उरलेला नाही, तेव्हा इलेक्ट्रोलिसिस (सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढणे) टाळा. रंग शिल्लक असलेल्या हेल्मेटलाही ते नको, रंग सुटतो.

धातू शाबूत असेल तर प्लास्टिकच्या बादलीत लिटरला 10 ग्रॅम धुण्याचा सोडा घाला. 12 व्होल्टच्या डीसी पुरवठ्याची ऋण तार बकलच्या घासून उघड्या केलेल्या जागी, धन तार साध्या लोखंडी पट्टीला जोडा. तारा उलट जोडल्या तर बकलच झिजते. स्टेनलेस स्टीलची पट्टी मुळीच नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करा.

नंतर उरलेले क्षार निघावेत म्हणून डिस्टिल्ड पाण्यात काही आठवडे भिजत ठेवा आणि पाणी बदलत राहा. घाईत हीच पायरी गाळली जाते. शेवटी 100 अंशांवर पूर्ण वाळवून गरम असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासूनचे बारीक कणांचे मेण) लावा.

तोफगोळा किंवा ग्रेनेड दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.